पेटी की पिशवी?

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. नवराबायको दोघेही नोकरी करतात. मुले सात आणि चार वर्षांची. संध्याकाळी सहाला घरात पाऊल टाकले की साडेसातच्या आत मुलांपुढे ताटे आली पाहिजेत, ही तिची रोजची लढाई. गेल्या पावसाळ्यात तिने फोनवर विचारले, "आई, पेटी लावू की पिशवी?" प्रश्न आईला होता. पण जे आपण कधी केले नाही त्यावर मत देण्याची आम्हा पुरुषांना जुनी खोड आहे. ती मान्य करूनच मी या वादात पडतो.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. पेटी म्हणजे दर आठवड्याला दाराशी येणारा पुठ्ठ्याचा खोका. त्यात बर्फाच्या थैल्यांमध्ये दोन-तीन रात्रींच्या जेवणाचा शिधा नेमका मोजून बांधलेला असतो: लसणाच्या दोन पाकळ्या, चमचाभर सॉसची पुडी, आणि सोबत कृतीचे सचित्र पत्रक. चिरायचे आणि शिजवायचे आपणच. ही कल्पना स्वीडनमध्ये २००७ च्या सुमारास निघाली आणि पाच वर्षांत अमेरिकेत पोहोचली. पिशवी म्हणजे नेहमीचाच बाजार, फक्त दुकानात न शिरता केलेला. फोनवर यादी द्यायची; दुकानातली माणसे सामान काढून भरून ठेवतात आणि ठरल्या वेळी बाहेर गाडी उभी केली की डिकीत आणून ठेवतात.

पेटीवर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. दोन्ही मला पटत नाहीत. पहिला कचऱ्याचा. खोके आणि पुड्यांचा ढीग डोळ्यांत भरतो हे खरे. परंतु मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली पाच जेवणांचा हिशोब मांडला, तेव्हा दुकानातून सामान आणून केलेल्या जेवणामागे हवेत जाणारे दूषित वायू पेटीच्या जेवणापेक्षा सरासरी तेहेतीस टक्के अधिक भरले. कारण साधे आहे. पेटीत मोजून आलेले वाया जात नाही. आपल्या घरी मात्र कोथिंबिरीची अर्धी जुडी काळी पडून केराच्या टोपलीत जाते. दुसरा आक्षेप आळसाचा. तो घेणारी माणसे बहुधा पाट मांडल्यावर स्वयंपाकघरात येणारी असतात. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणणारी, तयार भाजणीची चकली करणारी बाई आळशी, आणि ती चकली चहाबरोबर खाणारा गृहस्थ मात्र संस्कृतिरक्षक, हा न्याय मला मंजूर नाही.

उलट पेटीला मी एक श्रेय देतो. घरातले खरे ओझे कोणते, हे तिने अचूक ओळखले आहे. ते ओझे कढईचे नाही. 'आज काय करायचे?' या प्रश्नाचे आहे. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली या अदृश्य कामाचे चार भाग पाडून दाखवले: गरज आधीच हेरणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते पार पडले की नाही यावर लक्ष ठेवणे. त्यांनी मुलाखती घेतलेल्या जोडप्यांत निर्णय बहुधा दोघे मिळून घेत. हेरणे आणि लक्ष ठेवणे मात्र बहुतांशी बायकोकडे. सभेला अध्यक्ष दोन, चिटणीस एकटी!

मग पेटीवर माझा आक्षेप काय? हाच, की ती ओझे ओळखते पण उचलत नाही. तीन रात्रींचा प्रश्न ती सोडवते. उरलेल्या रात्री, सकाळचे दूध, मुलांचे डबे, ताप आलेल्या पोराची मऊ खिचडी, हे सारे होते तिथेच राहते. म्हणजे बाजार सुटत नाही. बाजारावर पेटी चढते. शिवाय एखाद्या आठवड्यात ती नको असेल, तर मुदतीच्या आत तसे कळवावे लागते. विसरलात तर खोका दाराशी आणि पैसे खात्यातून गेलेले. जी बाई लक्षात ठेवण्याच्या कामाने थकली, तिला लक्षात ठेवण्याची आणखी एक गोष्ट दाम घेऊन विकणे, याला मी मदत म्हणत नाही.

म्हणून माझा कौल पिशवीला. पण पिशवीची थोरवी गाण्याआधी मला एक कबुली दिली पाहिजे.

पिशवी आम्हाला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. शेजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवायची, सामान एकत्र आले की वाटून घ्यायचे. आमच्या संघात वाटपाच्या दिवशी मी हिरिरीने पुढे असे. पिशव्या जिने चढून नेऊन देई. "तुमचे यजमान घरात किती लक्ष घालतात!" असे शेजारणी माझ्या पत्नीला म्हणत, आणि मी ते खरे मानी. पुढे सासूबाई आजारी पडल्या आणि पत्नी महिनाभर माहेरी गेली. मागणीपत्रक प्रथमच माझ्या हाती आले. तूरडाळीपुढची जागा रिकामी. वीस वर्षे ती डाळ मी खांद्यावरून वाहिली होती. महिन्याला किती लागते हे मला ठाऊक नव्हते. मी फोन लावला. आईच्या उशाशी बसून तिने साऱ्या जिनसा तोंडपाठ सांगितल्या. "तूरडाळ अडीच किलो लिहा. एरवी तीन लागते, पण आता मी नाही ना," असे म्हणून तिने आपल्या वाट्याची डाळसुद्धा वजा केली. त्या दिवशी मला कळले, की इतकी वर्षे मी घर चालवण्यात नव्हे, हमालीत मदत करीत होतो.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर येथे लिहिलाच नसता. २०२४ च्या देशव्यापी पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ त्यात २८९ मिनिटे जातो आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचा ८८ मिनिटे, असे आढळले. यादी मनात घोळवण्याची मिनिटे कोणत्या रकान्यात मोजायची? भाजी चिरताना, लोकलमध्ये लोंबकळताना, कचेरीत फाइल उघडताना ती चालूच असतात.

कोणी म्हणेल, पुरुषही दमून येतो. येतो, म्हणूनच दमलेल्या दोघांपैकी एकाच्याच डोक्यात कोठीघर का, हे त्याने सांगावे. कोणी म्हणेल, बाळंतपणात, दुखण्यात पेटी उपयोगी पडते. जरूर पडते, तेव्हा खुशाल लावावी. कुबडी पाय मोडल्यावर घेतात, पाय वाटून घ्यायचे टाळण्यासाठी नव्हे.

पिशवी श्रेष्ठ ती याच एका कारणाने, की तिच्यात यादी असते, आणि यादी एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. अख्खी. काय संपत आले हे हेरण्यापासून आलेले नीट आले का हे पाहण्यापर्यंत. "तू सांग, मी आणतो" हा करार नव्हे.

मुलीला मी एवढेच कळवले: पिशवी लाव, यादी सहा महिने जावईबापूंकडे दे, आणि चुकली तरी दुरुस्त करू नकोस. तिने तसे केले. पहिल्याच शनिवारी जावईबापूंचा मला संदेश आला, "बाबा, ती झोपली आहे. आमच्याकडे तूरडाळ किती लागते, आईंना ठाऊक असेल का?"

मी उत्तर धाडले, "तिला उठवू नका. आईंनाही विचारू नका. डबा उघडून पाहा."