आत एक जण, तारखेला सगळं घर

नगरला पाहुणा आला की आपण त्याला भुईकोट किल्ल्यात नेतो. १९४२ ते ४५ या काळात नेहरू आणि मौलाना आझाद इथे कैदेत होते, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं गेलं, हे अभिमानानं सांगतो. दौंड-मनमाड मार्गावर, श्रीगोंदा तालुक्यात, विसापूरचंही कारागृह आहे. तिकडे पाहुण्याला कुणी नेत नाही. त्या वाटेनं जातात ती कैद्यांची घरची माणसं, आणि त्यांच्याविषयी जिल्ह्यात फारसं कुणी बोलत नाही.

कमावता माणूस आत गेला की घरात पहिल्यांदा वकिलाच्या फीची उसनवारी सुरू होते. मग शेळी विकली जाते, मग डोरलं गहाण पडतं. तारखेला बाई रोज बुडवून, मूल कडेवर घेऊन तालुक्याच्या कोर्टात येते. पोलिसांच्या गाडीतून उतरून नवरा आत शिरेपर्यंतची दोन मिनिटं, तेवढीच भेट. आता पुष्कळदा आरोपीला व्हिडिओ कॉन्फरन्सवरच हजर करतात, त्यामुळे तीही हुकते. 'पुढची तारीख' एवढं ऐकून ती एसटी पकडते.

तुरुंगात असलेल्या बहुतेकांचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नसतो. २०२२च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. त्यांतल्या काहींना जामीन मंजूर होऊनही ते आतच राहतात, कारण जामीनदार नाही. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याला ऐपतीचा दाखला मिळतो आणि जो 'आपल्या जमिनीवर बोजा चढला तर?' ही भीती गिळून कोर्टात उभा राहतो, असा माणूस. कर्जत-जामखेडच्या पारधी वस्तीवर असा माणूस शोधून दाखवा. ज्या जमातींवर १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांचा सातबारा कुठून निघणार? तो कायदा १९५२ला गेला. गावच्या नजरेतून शिक्का गेला, असं मी म्हणणार नाही.

मदतीच्या वाटा कागदावर आहेत, म्हणूनच राग येतो. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि कोर्टांनी स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३मध्ये बजावलं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली: तेव्हा जामिनासाठी ४० हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत. निर्णय जिल्ह्यातली समिती घेते. त्या समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव बसतात. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील तर १९८७च्या कायद्यानंच दिला आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. डोरलं गहाण ठेवणाऱ्या त्या बाईला यातलं काय ठाऊक असतं? तिला हे सांगायला कुणी भेटतच नाही.

महाराष्ट्रात चांगलं काही घडतच नाही, असं नाही. कैद्याला मुलांना जवळ घेता यावं म्हणून 'गळाभेट' सुरू झाली. राज्य सहकारी बँकेनं २०२२मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' योजना आणली. तिच्यात कैद्याच्या तुरुंगातल्या मजुरीवर घरखर्चासाठी ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण तिनं कैद्याला घराचा कर्ता मानलं. पण ती शिक्षा झालेल्यांसाठी आहे. कच्च्या कैद्याच्या घरात चूल कशी पेटायची, हा प्रश्न तसाच राहतो.

मुलांचं तर विचारूच नका. 'तुझा बाप जेलात' हे शाळेत कुणीतरी बोलतंच, आणि काही दिवसांनी पोर शाळेत यायचं थांबतं. बाल संगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांनाही तिच्यात जागा आहे. जामखेडला ॲड. अरुण जाधव यांच्या ग्रामीण विकास केंद्राचं 'निवारा' बालगृह भटक्या-विमुक्तांची मुलं सांभाळतं. नगरच्या 'स्नेहालय' संस्थेनं १९८९पासून वेश्यावस्तीतल्या मुलांना घर दिलं. समाजानं दूर लोटलेल्यांची पोरं पोटाशी धरायची रीत या जिल्ह्याला नवी नाही.

'आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला, त्यांच्या घरचं काय?' असं कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. त्यांनाही भरपाई वेळेवर मिळत नाही आणि त्यासाठीही भांडलंच पाहिजे. पण आरोपीची सात वर्षांची मुलगी शाळेतून गळाली, म्हणून फिर्यादीच्या पदरात काय पडतं?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक तालुका न्यायालयाच्या आवारात तारखांच्या दिवशी विधी सेवेचा एक स्वयंसेवक टेबल मांडून बसावा. त्याच्याकडे वकिलाचा अर्ज, गरीब कैदी योजनेची माहिती आणि बाल संगोपनाचा फॉर्म असावा, आणि तो त्यानंच भरून द्यावा. विसापूरला भेटीच्या दिवशीही तसंच टेबल असावं. गावोगावच्या बचत गटांच्या ताईंना हे कागद समजावून द्यावेत, कारण नवरा आत गेल्याचं पोलीस पाटलाच्या आधी त्यांना कळतं. आणि गरीब कैदी योजनेतून आजवर किती जण सुटले, तो आकडा जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी जाहीर करावा.