स्कॅनर गावच्या मिस्त्रीच्या हाती केव्हा येणार?

खेड्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाचा कॅन, खताचे पोते, दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळा भार तिच्यावरच. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ती दोन दिवस बंद पडली तर काय हाल होतात, हे शेतकरी बांधवांना सांगायला नको. आणि अलीकडे तक्रार एकच, "गाडी नवी आहे, पण मिस्त्री हात लावून नाही राहिला!"

यात दोष मिस्त्रीचा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. पूर्वी पेचकसाने स्क्रू फिरवून, कानाने आवाज ऐकून ट्यूनिंग व्हायचे. आता पेट्रोल किती सोडायचे हे ईसीयू नावाची इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. इंजिनाचे तापमान, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडला, धुरात ऑक्सिजन किती उरला, ही माहिती सेन्सर तिला पुरवतात. गडबड झाली की मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि बिघाडाचा कोड पेटीत नोंदला जातो. तो कोड वाचणारे यंत्र म्हणजे स्कॅनर.

पण स्कॅनर म्हणजे देवऋषी नव्हे. पी०११८ असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की तापमानाच्या सेन्सरकडून येणारा सिग्नल प्रमाणाबाहेर आहे. सेन्सर खराब असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, नाहीतर पावसाच्या पाण्याने कपलर गंजला असेल. कोड पाहून थेट नवा सेन्सर बसवला आणि दोष वायरचा निघाला, तर पैसे कोणाचे गेले? म्हणून आधी बॅटरी, मग कपलर आणि वायर, शेवटी सुटा भाग, हा क्रम पाळणारा मिस्त्री खरा. आणि हो, स्कॅनरने कोड पुसला म्हणजे रोग गेला असे नाही. दोष कायम असेल तर दिवा पुन्हा लागतोच.

दुसरी गोष्ट ट्यूनिंगच्या डब्यांची. 'ही चिप लावा, पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल' अशा जाहिरातींना तरुण पोरे भुलतात. असे काही डबे सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला चकवतात. पेट्रोल जास्त गेले तर ॲव्हरेज घटते आणि सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग खराब होतो. फारच कमी गेले तर इंजिन तापते. शिवाय कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनापरवानगी फेरबदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेतीच्या कामाच्या गाडीला हा नाद परवडणारा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्कॅनर आणि दुरुस्तीची माहितीपुस्तके कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरतीच राहिली तर अनसिंग, शेलूबाजार, कामरगावच्या माणसाने गाडी टेम्पोत टाकून शहरच गाठायचे काय? हा वाद चारचाकीच्या बाबतीत देशापुढे येऊन गेला आहे. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा खराच होता. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने पोर्टल सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. मात्र पोर्टलवरचा हक्क गावच्या फाट्यावरच्या दुकानात पोचला पाहिजे.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आयटीआयमध्ये गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग घेता येतील. मल्टिमीटर कसा लावायचा आणि कोडचा अर्थ कसा काढायचा, एवढे शिकवले तरी मोठे काम होईल. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. एकट्याला झेपत नसेल तर चार दुकानांनी मिळून एक यंत्र घ्यावे. लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा प्रशासनाने इकडे लक्ष घालावे.

तोवर तुम्ही एवढे करा. पिवळा दिवा लागला तर गाडी दामटू नका. कोणी सुटा भाग बदलायला सांगितला तर कोड कोणता आला, वायर तपासली काय, हे विचारा. जुना भाग परत मागा. पैसे आपले आहेत, विचारायला लाज कसली?