परसबागांची मोजणी मे महिन्यात व्हावी

मृगाच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात गावोगावी परसबागांची लगबग सुरू होते. बियाण्यांच्या पुड्या वाटल्या जातात. घरामागील सांदवाडीत, शाळेच्या आवारात आणि महिला बचत गटाच्या जागेत वाफे तयार होतात व बागांची संख्या अहवालात नोंदली जाते. हे कार्य स्तुत्य आहे. परंतु ज्या ऋतूत आभाळच पाणी घालते, त्या ऋतूतील संख्या ही आपल्या प्रयत्नांची कसोटी नव्हे. परसबागांची मोजणी मे महिन्यात करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न केवळ अहवालाचा नाही. आपला जिल्हा कापूस, सोयाबीन व तुरीचा. शेत असूनही पुष्कळ कुटुंबे भाजी आठवडी बाजारातून आणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या मिळावयास हव्यात. म्हणजे पाच माणसांच्या घरात दोन किलो. उन्हाळ्यात भाजी महागते, आणि त्याच वेळी घरातील पैसा पुढील हंगामाच्या बी-खतासाठी राखून ठेवावा लागतो. अशा वेळी ताटातील भाजी कमी होते, आणि ती बहुधा प्रथम घरातील स्त्रीच्या ताटातून कमी होते. परसबाग खरी हवी असते ती याच दिवसांत.

मग ती वाळते का? उत्तर साध्या हिशेबात आहे. उन्हाळ्यात भाजीपाल्यास दिवसाला सहा मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर एका गुंठ्यास रोज सुमारे ६०० लिटर पाणी लागते. इतके पाणी मे महिन्यात कोणती गृहिणी वाहून आणील? उलट, पाच माणसांच्या स्नानाचे शंभर लिटर पाणी वाया न घालविता वळविले, तर सोळा चौरस मीटरचा वाफा त्यावर तगतो. सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन केल्यास ओल अधिक टिकते. यास्तव उन्हाळ्यात बाग जाणूनबुजून लहान करणे, हेच ती जिवंत ठेवण्याचे साधन होय. पावसाळ्यात गुंठाभर पसरावे आणि फाल्गुनात न्हाणीजवळ गोळा व्हावे.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक जागेत प्रत्येक भाजी लावण्याचा हट्ट सोडावयास हवा. गावातील निरनिराळ्या जागांचे पाणी वेगळे, राखणदार वेगळे. तेव्हा त्यांची कामेही वेगळी असावीत. घरच्या सांदवाडीत रोज लागणारे जिन्नस असावेत. सांडपाण्याच्या चरालगत केळ, अळू व गवती चहा लावावा. साबणाचे पाणी मात्र कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सांबार-पुदिन्यास देऊ नये. त्यांच्यासाठी व तुळस-ओव्यासाठी स्वच्छ पाण्याचा एखादा तांब्या पुरे. शाळेची बाग मुलांच्या हजेरीवर चालते. ती जूनअखेर शाळा उघडल्यावर सुरू होऊन सुटीपूर्वी संपणारी असावी : पावसाळ्यात अंबाडी व चवळी, हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा. सुटीत तेथे शेवगा व कढीपत्ता एवढीच झाडे राहावीत; मुळे खोल गेल्यावर त्यांना पाणी थोडके लागते. गटाची सामाईक जागा विहिरीजवळ असेल, तरच तेथे वांगी, टमाटे, मिरची आणि उन्हाळी चवळई घ्यावी. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद प्रसिद्धच आहे. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे पीकही मार्चपर्यंत निघते व भर उन्हाळ्यात पाणी मागत नाही.

अशी वाटणी करण्याचा विचार या जिल्ह्यास नवा नाही. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी लोकांच्या आहाराची गरज पाहून जमिनीची पिकवार वाटणी करावी, असा ‘संतुलित शेती’चा विचार मांडला होता. पवनारला विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला, तेव्हा भाजीपाल्याबरोबरच विहीर खोदण्याचे कामही आश्रमवासीयांनी अंगावर घेतले. वाफ्याआधी पाण्याचा विचार, हा त्यातील धडा आहे.

कोणी म्हणेल की, मे महिन्यात मोजणी केल्यास आकडे फारच लहान दिसतील व लोकांचा उत्साह मावळेल. लहान दिसतील हे खरे. परंतु उत्साह मावळतो तो आकड्याने नव्हे, तर आपण लावलेले रोप डोळ्यांदेखत करपल्याने. दोन वर्षे बाग वाळलेली बाई तिसऱ्या वर्षी बियाण्याची पुडी घेते, ती केवळ संकोचापोटी.

म्हणून बियाणे वाटण्यापूर्वी प्रत्येक जागेविषयी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : उन्हाळ्यात पाणी कोठून येणार, ते कोण घालणार आणि मे महिन्यात तेथे काय उभे असणार. सामाईक जागेत ‘सर्वजण’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. वारानुसार नावे ठरवावीत. ज्या जागेस ही उत्तरे नाहीत, तेथे पावसाळी भाजी अवश्य घ्यावी, पण तिला बारमाही बाग म्हणू नये. गावात अशा पन्नास बागांऐवजी मे महिन्यात हिरव्या असलेल्या दहाच बागा निघाल्या, तरी त्या दहा घरांच्या ताटात भाजी असेल. आपणास मोजावयाची आहे ती हीच गोष्ट.