माजघरांतील चर्चा : हंशाचा हिशेब

मागील महिन्यांतील एका रविवारीं आमच्या घरीं जो प्रसंग घडला, तो वाचक बंधुभगिनींच्या घरींही थोड्याफार फरकानें घडत असेल, अशी आमची समजूत आहे. म्हणून या वेळच्या चर्चेस तोच विषय घेतला आहे. दिवेलागणीची वेळ होती. थोरल्या वहिनी देवापाशीं निरांजन लावीत होत्या, आणि पलीकडच्या खोलींत तरुण मंडळी पडद्यासमोर बसून मोठमोठ्यानें हंसत होती. आमचा आठ वर्षांचा नातू त्यांच्यांतच घुसून बसला होता. त्याच्या आईनें एकदां डोकावून पाहिलें. पिवळ्या रंगाचीं, वाटोळ्या डोळ्यांचीं माणसें पडद्यावर हलत होतीं. "कार्टूनच तर आहे," असें म्हणून ती स्वयंपाकाकडे वळली. रात्रीं पानावर बसल्यावर याच चिरंजीवांनीं आम्हांस उद्देशून जें एक वाक्य उच्चारलें, तें येथें छापण्याजोगें नाहीं. पंक्तींत क्षणभर शांतता पसरली, आणि मग चर्चेला तोंड लागलें.

पहिला मुद्दा लवकर निकालांत निघाला. चित्र हलतें म्हणून तें मुलांचें, ही समजूतच मुळीं चुकीची आहे. अमेरिकेंत 'दि फ्लिंटस्टोन्स' ही मालिका ३० सप्टेंबर १९६० रोजीं सुरू झाली, ती मुलांच्या वेळीं नव्हे, तर रात्रीं, कर्त्या माणसांच्या वेळीं. आमच्या घरीं चाललेली 'दि सिंप्सन्स' ही मॅट ग्रोनिंग यांची मालिका १९८७ सालीं दुसऱ्या एका कार्यक्रमांतील लहान लहान तुकड्यांच्या रूपानें जन्मली आणि १७ डिसेंबर १९८९ पासून अर्ध्या तासाची झाली. तींतील गृहस्थ आळशी आहे, मद्याचा शौकी आहे. नवराबायकोचें भांडण, नोकरींतील लाचारी, देऊळ आणि राजकारण या सर्वांची तींत यथेच्छ थट्टा असते. १९९७ सालच्या 'साउथ पार्क'च्या आरंभीं तर ही मालिका कोणीच पाहूं नये, अशी मिस्किल सूचनाच झळकते. तेव्हां दोष मालिकेचा नव्हे. दार उघडें ठेवणाऱ्या आपणां वडील मंडळींचा. यावर सर्वांचें एकमत झालें.

खरा वाद दुसऱ्याच मुद्द्यावर जुंपला. आमचा पुतण्या ग्रोनिंग यांच्याच 'फ्युचरामा'चा निस्सीम भक्त. ही मालिका १९९९ सालीं सुरू झाली, २००३ सालीं बंद पडली, पुढें चार मोठ्या चित्रपटांच्या रूपानें उठली, २०१० ते २०१३ दुसऱ्या वाहिनीवर चालली, पुन्हां थांबली, आणि २०२३ सालीं परत सुरू झाली. "इतकी गुणी मालिका पुनःपुन्हां बंद पडते, याला कंपन्यांचा कंजूषपणा हेंच कारण," असा त्याचा संताप. गुणी म्हणण्यास आधारही आहे. केन कीलर या गणितज्ञ लेखकानें २०१० सालच्या एका भागाकरितां एक प्रमेयच सिद्ध केलें : माणसांच्या मनांची आणि शरीरांची कितीही गुंतागुंतीची अदलाबदल झाली, तरी दोन नवीन माणसें मदतीस घेतल्यास प्रत्येकास आपलें शरीर परत मिळतें. विनोदासाठीं प्रमेय मांडणारे लेखक वारंवार भेटत नाहींत.

त्यावर आमचे धाकटे बंधू म्हणाले, "यांत ना नट, ना पोशाख, ना देखावे. कागद आणि पेन्सिल! एवढ्याला खर्च तो काय?" हें वाक्य ते पुतण्यास उद्देशून बोलले खरे, परंतु लागलें तें त्यांच्या स्वतःच्या कन्येस. ती चित्रकलेची पदवी घेऊन घरीं आली आहे. मुंबईंतील एका ॲनिमेशनच्या कार्यशाळेंत तिला काम मिळत आहे, आणि बंधूंचा त्यास विरोध आहे. ती पानावरून कांहींच न बोलतां उठली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याकडे येऊन एवढेंच म्हणाली, "काका, बाबांना हिशेब तरी करून दाखवा."

हिशेब करावयास बसलों. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चित्रें सरकतात. अर्ध्या तासाच्या भागांतून जाहिराती वगळल्यास सुमारें बावीस मिनिटें उरतात. म्हणजे ३१,६८० चित्रें. हातानें काढतांना एकच चित्र दोन वेळां दाखविण्याचा प्रघात आहे. तरी १५,८४० उरतात. हें अर्थात् वरच्या टोकाचें गणित. पात्र स्तब्ध असेल तेथें चित्र तेंच राहतें, नुसते ओठ बदलतात. खर्च वांचविण्याची सारी विद्या येथेंच आहे. १९५७ सालीं 'टॉम आणि जेरी'ची कार्यशाळा बंद झाल्यावर हॅना आणि बार्बेरा या जोडीनें दूरचित्रवाणीसाठीं हीच विद्या पूर्णत्वास नेली. त्यांच्या कित्येक पात्रांच्या गळ्यांत गळपट्टा किंवा कॉलर आढळते. ती शोभेसाठीं नव्हे! गळ्याशीं रेघ असली, कीं धड तसेंच ठेवून नुसतें डोकें हलवितां येतें आणि सांधा दिसत नाहीं. लहानपणीं आपण ज्यास अस्वलाचा टाय म्हणून हंसलों, ती वस्तुतः काटकसर होती.

परंतु चित्रांच्या आधीं आणि नंतरही पुष्कळ कामें असतात. लेखकमंडळी संहिता लिहून ती अनेकवार फिरवितात. मग नट आपले आवाज देतात. त्या आवाजांवरून प्रसंगांचे कच्चे आराखडे होतात आणि ते क्रमानें लावून विनोद साधतो कीं नाहीं हें पाहिलें जातें. इतकें झाल्यावर 'सिंप्सन्स'चें बरेंचसें प्रत्यक्ष रेखाटन दक्षिण कोरियांतील कार्यशाळांकडे जातें, कारण तेथें मजुरी कमी पडत आली. तेथून परत आल्यावर दुरुस्त्या, संगीत, जुळणी. एका भागास अनेक महिने लागतात. चूक झाली तर ती किती महाग पडते, हें आरंभींच दिसलें. या मालिकेचा सर्वांत आधीं तयार झालेला भाग परत आला, तेव्हां तो इतका सदोष होता, कीं त्याचा मोठा अंश पुन्हां करावा लागला. मालिकेचा आरंभच लांबणीवर पडला, आणि तो पहिला भाग मे १९९० मध्यें त्या हंगामाच्या अगदीं शेवटीं दाखविला गेला.

आवाज देणाऱ्या नटांचा खर्चही लहान नसतो. वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणें 'सिंप्सन्स'च्या प्रमुख नटांना १९९८ पर्यंत भागामागें सुमारें तीस हजार डॉलर मिळत. २००८ सालीं हा आंकडा चार लाखांच्या घरांत गेला. २०११ सालीं 'फॉक्स' कंपनीनें आतां हा खर्च झेपत नाहीं असें सांगितलें, आणि नटांनीं कपात पत्करून सुमारें तीन लाखांवर तडजोड केली. आतां पडद्यावर न दिसणाऱ्या माणसास इतकें द्रव्य कशाला, असें कोणी विचारील. परंतु पात्र चित्रांतलें असलें, तरी त्याचा प्राण आवाजांत असतो. 'फ्युचरामा' २०२२ सालीं पुनश्च सुरू करण्याचें ठरलें, तेव्हां बेंडर नामक यंत्रमानवाचा आवाज देणारे जॉन डिमॅजिओ प्रथम करारांत नव्हते. रसिकांनीं जगभर केवढा गिल्ला केला! थोड्याच आठवड्यांत ते परत आले. रसिकांच्या वादविवादाला नुसती वटवट म्हणूं नये, हें यावरून दिसतें.

मात्र याच रसिकांना एक गोष्ट विचारावीशी वाटते. बेंडरच्या आवाजासाठीं एवढा गलका झाला. तसा त्या हजारों चित्रें काढणाऱ्यांसाठीं कधीं झाला काय? ऑक्टोबर २०१० मध्यें 'सिंप्सन्स'च्या एका भागाच्या प्रारंभीं बँक्सी या ब्रिटिश चित्रकारानें एक भयाण दृश्य योजिलें होतें : काळोख्या कारखान्यांत ओळीनें बसून मालिकेचीं चित्रें रंगविणारे आशियाई मजूर. मौज अशी, कीं तें दृश्यही रेखाटलें कोरियांतील कार्यशाळेनेंच! त्या कार्यशाळेचे संस्थापक नेल्सन शिन यांनीं त्यास हरकत घेतली होती. आपले लोक असे राबविले जात नाहींत, आणि हें चित्र अपमानकारक आहे, असें त्यांचें म्हणणें. कीव करणाऱ्यानें आधीं विचारावें, हा धडा आम्हांस त्यांत दिसला. त्या माणसांना दया नको असते. कौशल्याची ओळख हवी असते.

हा सर्व हिशेब आम्हीं बंधूंस ऐकविला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाले, "दादा, हें सर्व ठीक. पण ज्या धंद्यांत काम स्वस्त देशाकडे पळतें, त्यांत मुलीला घालावें काय?" प्रश्न खोटा नाहीं, आणि आम्हीं तो उडवून लावला नाहीं. 'साउथ पार्क'चा पहिला भाग कागदाचे तुकडे हातानें सरकवून केला होता, त्यास सुमारें तीन महिने लागले. पुढें तीच मंडळी संगणकावर एक भाग सहा दिवसांत करूं लागली. यंत्र आलें कीं हात कमी लागतात, हें खरेंच. पण याच मंडळींची २०१३ च्या ऑक्टोबरांत वीज गेली आणि त्यांचा भाग पहिल्यांदाच वेळेवर गेला नाहीं. म्हणजे यंत्राचाही भरंवसा तेवढाच.

त्या दिवशीं दुपारीं पुतणीनें एक गोष्ट केली, ती आमच्या सर्व आंकड्यांहून अधिक परिणामकारक ठरली. बंधू चहाचा पेला उचलून ओठाशीं नेतात, एवढीच क्रिया तिनें बारा कागदांवर काढली. जेवणानंतर बसली ती दिवे लागेपर्यंत मान वर केली नाहीं. चवथा कागद तीनदां फाडला. मग ते बारा कागद एका कडेनें धरून तिनें वडिलांसमोर अंगठ्यानें भराभर सोडले. पेला उचलला गेला. पिण्यापूर्वीं फुंकर घालण्याची त्यांची लकबही त्यांत उतरली होती. बंधूंनीं विचारलें, "हें किती झालें?" ती म्हणाली, "एक सेकंद, बाबा."

बंधूंनीं ते कागद हातांत घेतले आणि स्वतः पुन्हां पुन्हां सोडून पाहिले. संमति त्यांनीं अद्याप दिलेली नाहीं. एवढेंच म्हणाले, कीं पुढील आठवड्यांत मुंबईस जाऊन ती कार्यशाळा स्वतः पाहीन. पगार किती, तास किती, बसावयाची जागा कशी, हें विचारीन. बापानें असेंच करावें, असें आमचें मत आहे. १९१५ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' दाखविली. महाराष्ट्रास हा उद्योग अगदींच परका नाहीं.

नातवापुरता निर्णय मात्र झाला. मोठ्यांच्या मालिका तो निजल्यावरच लावावयाच्या, आणि कार्टून म्हटलें तरी आधीं घरांतील एखाद्या वडील माणसानें पाहून घ्यावयाचें. हें काम सर्वानुमतें आमच्याकडे आलें आहे. गेले पंधरा दिवस आम्ही तें इमानेंइतबारें करीत आहों, आणि कबूल करावयास हरकत नाहीं, कीं थोरल्या वहिनी मधूनच दारांत येऊन विचारतात, "इतकें हंसायला काय झालें?"