मागची फांदी

गेल्या मार्चमधली गोष्ट. माकुणसारला आमच्या घरामागे, कपडे धुवायच्या दगडाजवळ लिंबाचं झाड आहे. त्याच्या खाली वाकलेल्या फांदीला शिंजीराच्या मादीनं घरटं टांगलं होतं. कोळ्याची जाळी, सुकं गवत, सालीचे कपटे आणि कुठून तरी उचलून आणलेला कापूस. नर तारेवर बसून निळा-जांभळा झळकत गात असायचा. घरटं बांधणं आणि अंडी उबवणं सगळं तिचं एकटीचं! (पिल्लांना भरवायला मात्र तो येतो, हेही सांगायला हवं.)

अंडी फुटून दोन पिल्लं झाली आणि त्याच आठवड्यात नणंदेच्या ओळखीचा एक मुलगा मुंबईहून आला. गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. मुलगा मोठा गोड. "काकू, पाचच मिनिटं," म्हणाला. मी चहा टाकला आणि खिडकीतून पाहते तर हा घरट्यापुढच्या आणि मागच्या पालेदार डहाळ्या मोडतोय. विचारलं तर म्हणे, "मागे गिचमिड दिसते ना काकू, बॅकग्राउंड स्वच्छ हवं."

मी गप्प बसले. पाहुण्याला कसं बोलायचं? फोटो खरंच सुरेख आला होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी घरट्यावर थेट ऊन. तिसऱ्या दिवशी कावळ्यानं डाव साधला. मादी चोचीत कोळी धरून अर्धा दिवस रिकाम्या फांदीभोवती फिरत होती. मी धुणं तसंच टाकून आत गेले.

मैत्रिणींनो, त्या मुलाचा मोह मला कळत नाही असं नाही. आमच्या वेळी स्थळांना पाठवायचा फोटो काढायला स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेल्या धबधब्याचा पडदा. घरातली वाळत घातलेली लुगडी, पोपडे उडालेली भिंत, काही म्हणून दिसायला नको. मागचं झाकलं की पुढचं माणूस उठून दिसतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण पडदा लावणं वेगळं आणि कुणाच्या घराची भिंत पाडणं वेगळं.

नंतर मी हट्टानं मुलाचा जुना कॅमेरा घेतला आणि सकाळी खाडीवर जायला लागले. शिकले ते एवढंच, की मागची बाजू बदलायला काही तोडावं लागत नाही. आपणच दोन पावलं सरकायचं. पक्षी आणि मागची झाडी यांत अंतर जितकं जास्त, तितकी झाडी आपोआप धूसर होते. उभ्यानं काढलं तर मागे चिखल येतो. उकिडवं बसून त्याच्या डोळ्याच्या उंचीला आलं की मागे लांबचं पाणी येतं. (गुडघे कुरकुरतात, पण चालतं.) बगळा भर उन्हात काढला तर नुसता चुन्याचा फराटा दिसतो. तोच सकाळी तिवरांच्या गर्द सावलीपुढे, कॅमेऱ्यातला उजेड जरा कमी करून काढला, तर पीस न् पीस मोजता येतं. तो ज्या बाजूला बघतोय तिकडे मोकळी जागा ठेवायची, नाहीतर बिचारा भिंतीवर डोकं आपटतोय असं वाटतं. आणि भरती चढू लागली की तुतवार स्वतःहून काठाकडे सरकतात. आपण फक्त बसून राहायचं.

पूर्वीच्या लोकांची अडचण खरी होती. सलीम अलींचे स्नेही लोके वान थो यांच्या काळात आजच्यासारखी लेन्स नव्हती. पक्षी नक्की येणार ती जागा म्हणजे घरटं, म्हणून त्याच्याजवळ आडोसा करून तासन् तास बसावं लागे. आज शंभर फुटांवरचा डोळा टिपता येतो, मग ही सबब कशाला? अनेक स्पर्धा तर आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे शिकारीतच धरलं आहे. माझ्या लिंबापाशी झालं ते त्या हिशेबानं काय म्हणायचं?

खरं सांगू, मला ती गुळगुळीत हिरवी पार्श्वभूमी आताशा आवडेनाशी झाली आहे. विजेच्या तारेवरचा वेडा राघू, पानवेलीच्या मांडवातला दयाळ, खाजणात प्लास्टिकच्या पिशवीशेजारी उभा शेकाट्या. पिशवी दिसली तर दिसू दे की! ती आपणच टाकली आहे.

हे सगळं मी बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. एक जण पटकन म्हणाली, "वहिनी, परसदार तुमचं, झाड तुमचं, मग नाही म्हणायला लाज कसली?" मला उत्तर देता आलं नाही.

यंदा त्या मुलाचा फोन आला. "काकू, घरटं झालं का?" म्हटलं, ये, सकाळच्या पहिल्या गाडीनं ये, आपण खाडीवर जाऊ, नाश्त्याला पानगी करते. जास्वंदीत दोन दिवसांपासून कोळ्याची जाळी येऊन पडताहेत, ते काही मी त्याला सांगितलं नाही.