बाजूला सरणे म्हणजे पळणे नव्हे

‘पळपुटा’ या शब्दाइतकी झोंबणारी शिवी मराठीत क्वचितच असेल. छातीवर वार झेलतो तो शूर आणि वार चुकवतो तो भेकड, अशी सरळसोट वाटणी आपण लहानपणीच मनाशी करून ठेवलेली असते. कराटेच्या वर्गात आल्यावरही ती सुटत नाही. ‘कुमिते’त, म्हणजे सरावाच्या लढतीत, कोणी अंग वळवून ठोसा हुकवला की कडेला बसलेली मंडळी ओरडतात, “अरे, उभा राहून लढ की!” कित्येकदा शिकवणारेही त्यांचीच री ओढतात. माझ्या मते ही आरोळी कराटेच्या मुळावर येणारी आहे.

प्रतिस्पर्ध्याच्या माऱ्याच्या रेषेतून पावले व अंग काढून घेण्याला कराटेत ‘ताई सबाकी’ असे स्वतंत्र नाव आहे. (यातील ‘ताई’चा आपल्या ताईशी काही संबंध नाही! जपानी भाषेत त्याचा अर्थ शरीर.) ही काही आजच्या खेळाडूंनी काढलेली पळवाट नव्हे. ओकिनावा बेटावरील गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य झालेले हिरोनोरी ओत्सुका (१८९२–१९८२) हे मूळचे जुजुत्सूचे अभ्यासक. पुढे त्यांनी ‘वाडो’ ही स्वतंत्र शैली उभी केली आणि तिच्यात जुजुत्सूतील अंगचालनाला मानाचे स्थान दिले. येणारा वार अंगावरून वाहू द्यावा, हलकेच वळवावा, किंवा त्याच्या गतीवरच स्वार व्हावे, ही त्या शैलीची शिकवण. ‘वाडो’ या नावातच शांतीचा, सुसंवादाचा अर्थ आहे. अशा गुरूला कोणी भेकड म्हणेल काय?

आता यातील मर्म पाहू. ठोसा आला की नवशिका सरळ मागे सरकतो. हे मात्र खरोखर धोक्याचे! कारण पुढे येणाऱ्याचा वेग मागे जाणाऱ्यापेक्षा नेहमीच अधिक. शिवाय रेषा तीच राहते. पहिला ठोसा हुकला तरी दुसरा आणि तिसरा त्याच रेषेवरून येतात. याउलट एक लहानसे पाऊल तिरके पुढे टाकले आणि कंबर वळवली, तर ठोसा खांद्याजवळून निघून जातो. प्रतिस्पर्ध्याला आता आपल्याकडे वळावे लागते, आणि त्या क्षणात त्याची कूस आपल्या मुठीसमोर उघडी असते. म्हणजे चुकवणे आणि प्रतिटोला देणे ही दोन कामे नव्हेत, एकाच पावलाची ती दोन अंगे आहेत. मात्र गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर आणि नजर समोरच्यावर हवी. फार लवकर हललो तर तो आपला नेम बदलतो. उशीर झाला तर मार बसतो. वार अंगाशी येईपर्यंत न डगमगता थांबणे याला धैर्य लागत नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?

हा केवळ तंत्राचा वाद असता तर मी लेखणी उचलली नसती. मी स्वतः अंगाने किरकोळ. आमच्यासारख्या मुली वर्गात मोठ्या उत्साहाने येतात. तेथे दुप्पट वजनाच्या मुलाचा ठोसा कोपरापुढच्या हाताने अडवायचा, असा धडा पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. हात काळेनिळे पडतात आणि एकेक जण गळू लागते. मग “मुलींना हे झेपत नाही” असा निष्कर्ष काढायला सारे मोकळे! बळावर बळ आदळले तर जास्त बळाचा जिंकणार, हे सांगायला कराटे कशाला हवे? दुबळ्याला सबळापुढे उभे राहता यावे यासाठीच ही विद्या असेल, तर तिची सुरुवात पावलांपासून व्हायला हवी.

यावर आक्षेप असा, की मग सगळेच नुसते पळत राहतील आणि लढत होणारच नाही. पण त्याची काळजी नियमांनी आधीच घेतली आहे. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धेत लढतीचा चौरस अवघा ८ मीटरचा असतो. त्याबाहेर पाय पडला तर दोष, लढत टाळली तर दोष, स्वतःच्या बचावाकडे दुर्लक्ष केले तरीही दोषच. गुण मिळतात ते नेमक्या आणि ताब्यात ठेवलेल्या प्रहाराला. पळणाऱ्याला येथे थारा नाही, आणि मार खात उभे राहणाऱ्यालाही नाही.

आणि हे आपल्याला इतके परके का वाटावे? खो-खोच्या मैदानावर साखळी खेळत, हूल देत निसटणाऱ्या गड्याला आपण टाळ्यांनी डोक्यावर घेतोच ना? तीच दाद कराटेच्या वर्गातही मिळावी. शिकवणाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे : पहिला महिनाभर मुठी बाजूला ठेवा आणि पावले शिकवा. आणि कडेला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणी वार चुकवला तर ओरडण्याआधी त्याच्या पायांकडे पाहा. तो मागे पळाला, की बाजूने पुढे गेला?