अपवादाची ढाल

१४ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितले की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपण मानत नाही. वास्तविक अमेरिकेच्याच सर्जन जनरलने १९८८ साली ते व्यसनकारक असल्याचे जाहीर केले होते. कंपन्यांनी जनतेची फसवणूक केली, असा निर्वाळा २००६ साली तेथील न्यायालयानेही दिला. तरीही ‘व्यसन सर्वांनाच लागत नाही’ हा युक्तिवाद आजही साळसूदपणे पुढे केला जातो. तो असत्य नाही. अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. १९९४ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीनुसार, तंबाखू कधी ना कधी वापरलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोक तिच्या आहारी गेले. हेरॉइनबाबत हे प्रमाण २३ टक्के होते. बहुसंख्य वाचले, हे खरे. पण आपण कोणत्या गटात मोडतो, हे पहिला झुरका घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला कसे कळावे? कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. शिवाय व्यसन न लागलेल्यालाही धूर सोडत नाही; दिवसाकाठी एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयालाही धोका असतोच. वाचलेल्यांचे दाखले देणाऱ्यांनी बुडालेल्यांचा हिशेब आधी द्यावा!